पुढच्या रांगेतली आत्या

शाळेत नव्या बाई आल्या आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी आम्हाला रॉकेटचं चित्र काढायला सांगितलं. बाई लांबून आल्या होत्या. जिथून रॉकेट उडतं तिथली पोरं म्हणजे हा विषय त्यांच्या डाव्या हातचा मळ, असं त्यांना वाटलं असणार. वर्गातल्या बाकीच्यांनी टोकदार नाक, खाली ज्वाळा, वर दोन-चार तारे असलं काहीतरी काढलं. आमच्या गल्लीतल्या पोरांनी मात्र, एकमेकांचं न बघता, पत्र्याचं छप्पर असलेलं एक लांबलचक गोदाम काढलं. आत दाटीवाटीनं बसलेली माणसं, आणि प्रत्येकाचे हात कानांवर. बाईंनी आमचे कागद उलटसुलट करून पाहिले आणि विचारलं, यात रॉकेट कुठे आहे? आम्हाला प्रश्नच कळला नाही. आमचं रॉकेट तेच होतं.

रॉकेट उडवायच्या तळाच्या कुंपणाला आमची गल्ली सगळ्यात जवळची. उड्डाणाच्या दिवशी आमची घरं रिकामी करायची असा नियम होता. सकाळी भोंगा वाजला की काचा फुटू नयेत म्हणून खिडक्या सताड उघडायच्या, फळीवरची भांडी खाली जमिनीवर मांडायची, शेगडी बंद करायची आणि मुकाट बसमध्ये जाऊन बसायचं. बस आम्हाला टेकडीमागच्या गोदामात नेऊन सोडायची. गोदामाला एकही खिडकी नव्हती. दारं बाहेरून लावून घेत. त्याआधी गळ्यात शिट्टी अडकवलेले एक साहेब आमची डोकी मोजायचे. त्यांना सगळी गल्ली शिट्टीसाहेबच म्हणायची. आमची मोजणी जुळली असं त्यांनी कळवल्याशिवाय तिकडची उलटी मोजणी पुढे सरकत नसे. जुळली की थोड्या वेळानं जमीन थरथरायची, डोक्यावरचा पत्रा कडाकडा वाजायचा, तान्ही पोरं रडायची, आणि संपलं. दारं उघडेपर्यंत आभाळात धुराची एक रेघ उरलेली असायची, आणि तीही वाकडीतिकडी.

लांबलांबच्या गावांतली माणसं गच्च्यांवर चढून रॉकेट बघत. शाळेत आम्हाला विचारत, तुम्हाला तर काय मस्त दिसत असेल. आम्ही हो म्हणायचो आणि वाटेल ते ठोकून द्यायचो. सगळ्यात जवळ राहणाऱ्या आम्ही ते कधी पाहिलंच नव्हतं. खरं तर याचा सगळ्या गल्लीला राग यायला हवा होता. आला तो फक्त आत्याला.

आत्याला तसा राग यायला कारण लागत नसे. ती वडिलांची थोरली बहीण. आमच्या घराच्या पुढच्या खोलीत तिची लाँड्री होती. खोलीत दोन लांब टेबलं, कोपऱ्यात कांजीचं पातेलं, भिंतीशी वाफेवर चालणारं मोठं यंत्र आणि मागे अंगणात दोऱ्यांच्या रांगाच रांगा. लग्न का केलं नाही म्हणून कुणी विचारलं तर म्हणायची, "इस्त्री आहे की घरात तापायला, आणखी कशाला कोण?" भांडायची ती हळू आवाजात, हातातलं काम न थांबवता, आणि समोरचा निरुत्तर झाला की त्याचा शर्ट घडी करून त्याच्या हातात द्यायची. ज्याच्यावर तिचा राग असे त्याच्या पँटीला ती शेजारी शेजारी दोन घड्या पाडून द्यायची. त्या धुतल्याशिवाय जात नसत, आणि धुवायला पुन्हा तिच्याकडेच यावं लागे. त्यामुळे सध्या आत्याचं कुणाशी बिनसलंय हे सगळ्या गावाला रस्त्यानं चालताना कळायचं. एकदा पोस्टमास्तर महिनाभर दोन घड्यांनी हिंडत होते.

या बाईचा जीव होता तो एका माणसात, तिच्या धाकट्या भावात. वडील मधले, काका सगळ्यात धाकटा. काका जन्मापासून बहिरा. वाफेचं यंत्र तो चालवायचा, ओल्या चादरी पिळायचा, गाडा ओढायचा. पायात कधी काही घालत नसे. दुकानाच्या फळ्यांवर कुणाचं पाऊल पडलं की पाठमोराच राहून कोण आलं ते हातानं सांगायचा, आणि चुकत नसे. आमच्या घरात निम्मं बोलणं हातांनी चाले. त्या खुणा कुणी शिकवलेल्या नव्हत्या, आत्यानं आणि त्यानं लहानपणी आपसांत ठरवलेल्या होत्या. बाहेरची माणसं रॉकेट म्हणताना बोट वर करत. आमच्या घरातली खूण वेगळी होती. तळहात पुढे आडवा धरायचा आणि थरथरवायचा. कारण गोदामात काका पत्र्याच्या भिंतीला तळहात लावून बसायचा, आणि त्याच्या वाट्याला जे रॉकेट यायचं ते एवढंच. आम्हाला निदान आवाज तरी मिळत होता.

मी दहाएक वर्षांची असताना एका उड्डाणाच्या दिवशी काका बसमध्ये चढलाच नाही. मोजणी जुळेना. तिकडे सगळं खोळंबलं, इकडे शिपाई धावले, आणि काका सापडला पाण्याच्या टाकीच्या शिडीवर, निम्म्यात. हाका मारून उपयोग नव्हता, म्हणून त्यांनी त्याला पाय धरून खाली खेचलं. गोदामात आणला तेव्हा त्याचा सदरा खांद्यापासून फाटला होता आणि हनुवटी सोलली होती. त्याला आत ढकलताना एक शिपाई दुसऱ्याला म्हणाला, "बहिऱ्याला कशाला हवंय बाहेर? आत असला काय न् बाहेर असला काय, त्याला सारखंच."

आत्यानं ते ऐकलं. पाठोपाठ शिट्टीसाहेब आले आणि त्यांनी वडिलांना बजावलं की पुढच्या वेळेपासून या माणसाला सकाळीच चौकीत आणून बसवायचं, दार लावून, काम होईपर्यंत. वडील हो म्हणाले. वडील ती बस चालवत, तळाचा पगार घेत, त्यांना हो म्हणायची सवय होती. काका भिंतीशी जाऊन बसला. पत्रा थरथरायला लागला तेव्हा त्या दिवशी पहिल्यांदाच त्यानं भिंतीला हात लावला नाही.

घरी आल्यावर त्यानं आत्याला खुणेनं विचारलं, साहेब काय म्हणाले? खोटं बोलणं तोंडाला जमतं, हातांना जमत नाही, असं आत्याचं मत होतं. तिनं चौकीचं सगळं त्याला सांगितलं. काका खाली बघत राहिला. मग तिनं त्याची सोललेली हनुवटी धरून मान वर केली, आमची रॉकेटची खूण केली, आणि पुढे दोन बोटं स्वतःच्या डोळ्यांपासून त्याच्या डोळ्यांपर्यंत नेली. पुढच्या वेळी तू बघशील. मी तिथेच होते, मी ते पाहिलं. आता तिच्याच्यानं माघार घेणं शक्य नव्हतं. त्या आठवड्यात दोन शिपाई आणि शिट्टीसाहेब, तिघेही दोन घड्यांनी कामावर गेले.

तळावर पाहुण्यांसाठी एक मोकळं मैदान होतं. उड्डाण बघायला बाहेरून बडी मंडळी येत, त्यांच्यासाठी तिथे खुर्च्या मांडत. खुर्च्यांच्या पांढऱ्या खोळी धुऊन, कांजी देऊन, इस्त्री करून चढवायचं काम आत्याकडे होतं. धूळ बसते म्हणून खोळी उड्डाणाच्या सकाळीच चढवाव्या लागत. भोंग्याच्या आधी आम्ही गाडा घेऊन जायचो, काका ओढायला, आत्या आणि मी मागून ढकलायला. खोळी चढवायच्या आणि बस निघायच्या आत घर गाठायचं. इतकी वर्षं आत्यानं तिथे मान वर करून पाहिलं नव्हतं, कारण काम उरकायची घाई. पुढच्या उड्डाणाच्या दोन दिवस आधी मात्र ती खुर्च्यांचं माप घ्यायचं निमित्त करून गेली, मला बरोबर घेऊन. मैदानाच्या पलीकडे झाडझाडोरा नव्हता, टेकडी नव्हती. तळाचा उंच मनोरा आणि त्याला टेकलेलं रॉकेट समोर स्वच्छ दिसत होतं. आमच्या गल्लीतून मनोऱ्याचं नुसतं टोक दिसायचं. म्हणजे ही जागा आमच्या घरांपेक्षा जवळ होती.

शिट्टीसाहेब तिथेच खुर्च्यांच्या रांगा लावून घेत होते. आत्यानं अगदी भोळा चेहरा करून विचारलं, इतक्या जवळ बसायचं म्हणजे पाहुण्यांना भीती नाही का? साहेब खूश झाले. त्यांनी समजावून सांगितलं की धोका असतो तो घरात, छपराखाली. धक्क्यानं काच फुटते, पत्रा सुटतो, कौल निसटतं. उघड्यावर डोक्यावर पडायला असतंच काय? आत्यानं मान डोलावली आणि मापं घेतली. घरी पोचल्यावर मला म्हणाली, "गोदामाला छप्पर आहे की नाही गं?"

आदल्या संध्याकाळी जेवताना तिनं वडिलांना सांगून टाकलं की उद्या काकाला घेऊन ती मैदानातच थांबणार. लपवाछपवी तिच्या स्वभावात नव्हती. वडिलांचा घास हातातच राहिला. ते म्हणाले, "ताई, माझी नोकरी जाईल." ती म्हणाली, "तुझी नोकरी आम्हाला नेऊन कोंडायची आहे. कधी ना कधी तुला हे कुणीतरी सांगायला हवंच होतं." वडील ताटावरून उठले. आईनं काकाचा चांगला सदरा काढून इस्त्रीच्या टेबलावर ठेवला. मला वडिलांचा इतका राग आला होता की त्यांनी हाक मारली तेव्हा मी ओ दिली नाही.

सकाळी आम्ही नेहमीसारखे गाडा घेऊन निघालो. फाटकावरचा शिपाई आम्हाला ओळखत होता, खोळी चढवून झाल्या की काकाला चौकीत नेतील असं समजून त्यानं अडवलं नाही. एकेक खोळ चढवून झाली. भोंगा वाजला. आत्यानं पहिल्या रांगेतल्या मधल्या खुर्चीवरची सुरकुती हातानं सारखी केली, काकाला तिथे बसवलं, त्याच्या शेजारी स्वतः बसली आणि आपल्या पलीकडे मला बसवलं. पाहुण्यांच्या गाड्या यायला लागल्या. टोपी घातलेल्या एका बाईंनी विचारलं की ही जागा कुणासाठी राखून ठेवली आहे का. आत्या म्हणाली, हो, याच्यासाठी. बाई पलीकडे जाऊन बसल्या. माझी पाचावर धारण बसली होती. काका समोर बघत होता, हात मांडीवर, शाळेत पहिल्या दिवशी बसतात तसा.

मग जीप आली. शिट्टीसाहेब उतरले, आणि त्यांच्या मागून वडील. साहेबांनी त्यांना बरोबर आणलं होतं, बहिणीला समजावायला. गल्ली गोदामात पोचली होती, डोकी मोजून झाली होती, आणि आमची तीन कमी पडत होती. मैदानाच्या कडेला लावलेल्या मोठ्या घड्याळाचे आकडे थांबलेले होते. पाहुणे माना वळवून वळवून बघत होते.

साहेब म्हणाले, "बाई, मोजणी थांबली आहे तुमच्यामुळे. सगळं अडलंय."

"मग करा सुरू," आत्या म्हणाली. "मी कुठे धरून ठेवलंय?"

"तुम्ही गोदामात चला आधी."

"गोदामाला छप्पर आहे, साहेब. छपराखाली धोका, उघड्यावर काही नाही. परवा तुम्हीच सांगितलंत. याच जागी उभे होतात."

साहेबांचा चेहरा पडला. जीपमधला बिनतारी संच सारखा खरखरत होता, तिकडून कुणीतरी विचारत होतं, जुळलं का, जुळलं का. साहेब आवाज खाली आणून म्हणाले की हे पाहुणे आहेत, यांची गोष्ट वेगळी.

"आणि आम्ही?"

"तुम्ही इथलेच."

"तेच म्हणतेय मी," आत्या म्हणाली.

साहेबांनी हात टेकले आणि ते वडिलांकडे वळले. बहिणीला उठवा आणि जीपमध्ये बसवा, असा हुकूमच केला. वडील पुढे आले. आत्या त्यांच्याकडे बघत होती, पण तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली. वडिलांनी काकाकडे पाहिलं. काकानं सदऱ्याचं वरचं बटणसुद्धा लावलं होतं. त्याच्या हनुवटीवर जखमेची खूण अजून होती. वडिलांनी डोक्यावरची ड्रायव्हरची टोपी काढली, काखेत धरली आणि म्हणाले, "साहेब, मी बस चालवतो. ताईला चालवायला मला जमत नाही, कधी जमलं नाही." आणि ते माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसले. खुर्चीच्या काठावर बसले, अंग चोरून, पण बसले. माझा सगळा राग त्या एका वाक्यात उतरला.

बिनतारी पुन्हा खरखरला. साहेबांनी एकदा थांबलेल्या घड्याळाकडे पाहिलं, एकदा काकाकडे. दुष्ट माणूस नव्हता तो, नियमानं वागता वागता विचार करायचा राहून गेलेला माणूस होता. ते जीपपाशी गेले आणि यंत्र तोंडाशी धरून म्हणाले, "जुळली. सगळे सुरक्षित जागी आहेत." घड्याळाचे आकडे हलले.

आत्यानं काकाच्या गुडघ्यावर थाप मारली आणि समोर बोट केलं.

आधी उजेड झाला. मनोऱ्याच्या पायथ्याशी पांढरा धूर दोन्ही बाजूंना पसरला, आणि त्यातून ते वर आलं. मला वाटलं होतं ते सुसाट सुटेल. तसं नव्हतं, ते सावकाश उठलं, जड माणूस खुर्चीतून उठतो तसं. आणि आवाज नव्हता. अजिबात नव्हता. आयुष्यभर ज्याचा फक्त आवाज ऐकला ते डोळ्यांसमोर होतं आणि आवाजच नव्हता. आवाज मागून येणार होता, एवढं अंतर तो कापत होता, हे मला पुढे शाळेत कळलं. तेव्हा एवढंच दिसलं की आत्या, वडील, टोपीवाल्या बाई, साहेब, सगळे तोंड उघडं टाकून बघताहेत आणि कुणालाच काही ऐकू येत नाहीये. त्या मैदानात तेवढा वेळ सगळे काकासारखेच होते.

मग काकानं नजर खाली नेली. त्याचे पाय अनवाणी होते, तळवे जमिनीवर सपाट टेकलेले. त्यानं झटकन उजवा हात वर केला, तळहात आडवा धरला आणि थरथरवला. आमच्या घरात ती खूण कुणालाही कळली असती. आत्यानं माझ्या कानांवर हात दाबले, वडिलांनी स्वतःच्या. आणि मग तो आला. हवा फाडत, छातीत धडका मारत आला. पाहुण्यांमधून किंकाळ्या उठल्या, टोपीवाल्या बाईंची टोपी उडाली, मागच्या रांगेतला एक गृहस्थ खुर्चीसकट उलटला. आम्ही चौघं तेवढे हललो नाही. काकानं पुन्हा वर पाहिलं. रॉकेट ठिपक्याएवढं झालं, दिसेनासं झालं, तरी तो बघत होता, आणि हसत होता. मोठ्यानं हसत होता, त्याचा आवाज मी पहिल्यांदा तेव्हा ऐकला.

याची किंमत मोजावी लागलीच. वडिलांची बस गेली, त्यांना पाण्याच्या टँकरवर टाकलं. खोळींचं काम दुसऱ्या गावातल्या लाँड्रीला गेलं. आत्या म्हणाली, गेलं तर गेलं, त्या खोळींना कांजी फार लागत होती. शिट्टीसाहेबांची पँट धुवायला आली तेव्हा तिनं ती स्वतः इस्त्री केली. एकच घडी, सुरीसारखी.

पुढच्या उड्डाणाच्या सकाळी भोंगा वाजला, खिडक्या उघडल्या, भांडी जमिनीवर आली. नवा ड्रायव्हर बस घेऊन गल्लीच्या तोंडाशी आला आणि हॉर्न वाजवत बसला. बसमध्ये कुणी चढलं नाही. काकानं दुकानातून एक खुर्ची उचलली आणि टेकडीकडे चालायला लागला. त्याच्यामागे आत्या. मग शेजारच्या घरातून एक बाक निघाला, त्याच्या पुढच्या घरातून स्टूल, कुणी आजोबांची आरामखुर्ची दोघांत उचलली, कुणी नुसत्या उशा घेतल्या. आईनं मला एक बादली दिली, उलटी करून बसायला. गोदामाचं दार सताड उघडं होतं. त्याच्यावरून सगळे पुढे गेले आणि टेकडी चढून वर मोकळ्यावर बसले, समोर मनोरा.

या वेळी नवे साहेब होते, तरुण, शिट्टी करकरीत नवी. आम्हाला पाहून त्यांनी ती जोरजोरात फुंकली. कुणी जागचं हललं नाही. शेवटी त्यांना वर यावं लागलं, घाम पुसत. त्यांनी आमची डोकी तिथेच मोजली, कारण मोजल्याशिवाय त्यांचंही घोडं अडलेलं. जुळलं. मग त्यांनी आजूबाजूला पाहिलं आणि थोडे घाबरून आत्याला विचारलं की इथे आवाज फार मोठा येतो म्हणतात, तो नेमका कधी येईल, कान कधी झाकायचे?

आत्यानं मनोऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पहिल्या ओळीत मधोमध अनवाणी बसलेल्या काकाकडे तिनं बोट दाखवलं. "त्याच्या हाताकडे बघा," ती म्हणाली. "आमच्यात त्यालाच आधी कळतं."

उजेड झाला, धूर पसरला, आणि त्या सगळ्या शांततेत गल्लीभर माणसं रॉकेटकडून नजर काढून एका बहिऱ्या माणसाच्या हाताकडे बघत राहिली. हात वर गेला. साहेबांनी शिट्टी खिशात टाकली आणि कानांवर हात ठेवले.